बारामती-इंदापूरहून पहाटेचं विमान: स्वस्त हॉटेल आणि विमानतळाची गाडी मोबाईलवर कशी शोधायची?

विमानाचं स्वस्त तिकीट शोधणं आता सगळ्यांना जमायला लागलंय. पण स्वस्त तिकीट बहुतेक वेळा पहाटेचं नाहीतर मध्यरात्रीचं असतं, आणि आपल्यासारख्या बारामती-इंदापूरच्या माणसाचा खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. बारामतीहून पुणे साधारण 100 किलोमीटर, इंदापूरहून 140 च्या आसपास. बारामतीला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसायचं विमान तिथून सुटत नाही. म्हणजे लोहगाव गाठायचंच. मग रात्री गाडी करून निघायचं, की आदल्या दिवशी एसटीने जाऊन रूम घ्यायची? रूम घ्यायची तर कुठे? आणि पहाटे साडेतीनला टॅक्सी मिळाली नाही तर?

हॉटेलच्या ॲपवर "पुणे एअरपोर्ट" टाकून सगळ्यात स्वस्त रूम उचलली की काम झालं, असं वाटतं. माझ्या मते शोधायची ती पद्धतच उलटी आहे. आधी वेळ ठरवायची, मग एसटी कुठे उतरवते ते बघायचं आणि हॉटेल सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर त्याच पैशात चांगली झोप मिळते आणि विमानही चुकत नाही.

आधी वेळेचा हिशोब

समजा विमान पहाटे 5:50 चं आहे. देशांतर्गत विमानात बॅग जमा करायचं काउंटर बहुतेक कंपन्या उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद करतात आणि गेट साधारण 25 मिनिटं आधी. म्हणजे 4:50 नंतर मोठी बॅग घेऊन काउंटरवर गेलात तर विमान समोर उभं असूनही उपयोग नाही. म्हणून टर्मिनलच्या दारात 4 वाजता, असं धरून चाला. परदेशी जायचं असेल तर 3 तास आधी.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तिकिटावर वेळ 24 तासांच्या घड्याळात असते. "15 तारीख, 00:40" याचा अर्थ 14 तारखेची रात्र. आपण बोलताना तिला "14 ची रात्र" म्हणतो, पण तिकीट तिला 15 म्हणतं. हॉटेलच्या बाबतीतही तसंच. 15 तारखेच्या पहाटेचं विमान असेल तर रूम 14 ते 15 अशी घ्यायची. आणि तुम्ही कुठल्या शहरात 15 तारखेला रात्री 1 वाजता उतरणार असाल तरीही रूम 14 तारखेपासूनच घ्यावी लागते, कारण हॉटेलचा दिवस दुपारी 12 किंवा 2 वाजता सुरू होतो. ॲप याबद्दल काही सांगत नाही, ते तुम्ही टाकलेल्या तारखेची रूम देऊन मोकळं होतं.

आता गूगल मॅप्स उघडा. रस्ता काढल्यावर वरच्या तीन ठिपक्यांत निघण्याची किंवा पोहोचण्याची वेळ ठरवायचा पर्याय मिळतो. तिथे "पोहोचायची वेळ पहाटे 4" अशी टाका. असं केलं नाही तर मॅप्स तुम्हाला आत्ताच्या ट्रॅफिकचा वेळ दाखवतं, आणि संध्याकाळी 6 वाजता बघितलेला हडपसर-मुंढव्याचा वेळ पहाटेच्या वेळेच्या दुपटीहून जास्त असू शकतो. वेळ टाकली की मॅप्स त्या वाराच्या, त्या तासाच्या जुन्या ट्रॅफिकवरून अंदाज बांधतं. जायच्या दोन्ही टप्प्यांसाठी हे करा: आदल्या दिवशी एसटी स्टँड किंवा स्टॉप ते हॉटेल, आणि पहाटे हॉटेल ते टर्मिनल.

एसटीने जाताय? मग स्वारगेटपर्यंत जायलाच हवं असं नाही

आपल्याकडे पुण्याला जायचं म्हणजे स्वारगेट, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण विमानतळ शहराच्या ईशान्येला आहे. इंदापूरची गाडी भिगवण, पाटस, यवतवरून सोलापूर रस्त्याने हडपसरला येते. बारामतीची गाडी जेजुरी-सासवड करून दिवे घाटाने आली तरी हडपसरलाच येते आणि पाटसकडून आली तरी हडपसरलाच. हडपसर गाडीतळाला उतरलात की मगरपट्टा, मुंढवा, खराडी किंवा कल्याणीनगर या बाजूने विमानतळ साधारण 12 किलोमीटर राहतो. स्वारगेटला गेलात तर शहराच्या गर्दीत आत शिरून पुन्हा तेवढंच अंतर मागे यावं लागतं. फक्त तिकीट काढतानाच कंडक्टरला विचारून घ्या. विना थांबा गाडी प्रत्येक ठिकाणी उभी राहीलच असं नाही.

स्वारगेटला एक फायदा मात्र आहे, तो म्हणजे मेट्रो. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 पासून सुरू झाला. स्वारगेटहून मेट्रोत बसायचं, जिल्हा न्यायालयाला लाइन बदलायची आणि रामवाडीला उतरायचं. तिकीट 35 रुपयांच्या आत. रामवाडी हे विमानतळाला जवळचं स्टेशन, तिथून रिक्षाने 4-5 किलोमीटर. पुण्यात रिक्षाचा मीटरचा दर पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17 रुपये, या हिशोबाने 68 ते 85 रुपये होतात. दिवसाचं विमान आणि एक-दोन हलक्या बॅगा असतील तर याच्याइतका स्वस्त रस्ता नाही. पण पहाटे 4 ला मेट्रो नसते, हे विसरू नका. पीएमपीच्या गाड्यांसाठी "आपली पीएमपीएमएल" हे ॲप आहे. त्यात मार्ग आणि गाडी सध्या कुठे आहे हे दिसतं, त्यामुळे विमानतळाच्या गाडीची वेळ निघायच्या दिवशी तिथेच बघावी.

एसटीच्या तिकिटाचं तुम्हाला माहीत असेलच, तरी सांगतो. महिलांना अर्धं तिकीट (मार्च 2023 पासून), 65 ते 75 वयाच्यांना अर्धं आणि 75 च्या पुढे मोफत. आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत खाजगी गाडीच्या तुलनेत केवढा फरक पाडते ते पुढच्या हिशोबात दिसेल.

"एअरपोर्टपासून 2 किमी" म्हणजे नक्की किती?

माझे इंदापूरचे मामा-मामी लेकीकडे बेंगळुरूला निघाले होते, पुण्याहून पहाटेच्या विमानाने. मामांनी मला एका हॉटेलची लिंक पाठवली आणि फोन केला, "बघ की रे, 2 किलोमीटर आहे म्हणतंय, आणि बाराशेला रूम!" मी म्हटलं, "मामा, पैसे भरू नका, आधी मॅपवर टाकून बघू." मॅपवर टाकलं तर रस्त्याने 8 किलोमीटरच्या वर निघालं.

यात हॉटेलवाल्याने खोटं लिहिलंय असंही नाही. बऱ्याच बुकिंग साइट अंतर सरळ रेषेत मोजतात, पक्षी उडतो तसं. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे आणि मधलं अंतर काढायचं, कॉम्प्युटरला हे सोपं. पण पुण्याचं विमानतळ हे हवाई दलाचं ठाणं आहे. मधे लांबलचक धावपट्टी आणि भिंत. प्रवाशांचं टर्मिनल दक्षिणेला, विमाननगरच्या बाजूला आहे. टिंगरेनगर, धानोरी, लोहगाव गाव ही ठिकाणं मॅपवर विमानतळाला चिकटलेली दिसतात, पण धावपट्टी ओलांडून कोणी जात नाही, सगळा वळसा घालावा लागतो. पत्त्यात "लोहगाव" लिहिलेलं असलं तर जास्तच सावध व्हा, कारण विमानतळालाही लोहगाव म्हणतात आणि गावालाही.

म्हणून हॉटेलचं नाव मॅप्समध्ये टाकायचं, शेवटचं ठिकाण म्हणून "पुणे एअरपोर्ट टर्मिनल" निवडायचं आणि कारचं अंतर बघायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

मग बघायचं कुठे? हडपसरकडून येणाऱ्यासाठी खराडी, वडगाव शेरी, कल्याणीनगर आणि विमाननगर हा पट्टा सोयीचा. तो एसटीच्या स्टॉप आणि टर्मिनलच्या मधे पडतो, म्हणजे संध्याकाळी तुम्ही निम्मं अंतर आधीच कापून ठेवता. विमाननगरला दर थोडे जास्त असतात. वडगाव शेरी-खराडीला त्यापेक्षा कमीत रूम मिळते आणि पहाटेचं अंतर 5-6 किलोमीटर राहतं. पुणे स्टेशनजवळ लॉज स्वस्त आहेत, आणि बारामती किंवा भिगवणहून रेल्वेने येणाऱ्याला तो पर्याय वाईट नाही. मामा-मामींना शेवटी वडगाव शेरीत रूम घेऊन दिली, दर थोडा जास्त पडला पण पहाटेचा वळसा वाचला.

आपल्या आधार कार्डाची एक गोची

ही गोष्ट बाहेरच्या राज्यातल्या माणसाला लागू होत नाही, आपल्याला होते. काही बजेट हॉटेलं "लोकल आयडी" असलेल्या पाहुण्यांना रूम देत नाहीत. त्यांच्या मते त्याच शहरात राहणाऱ्याला रूम कशाला हवी. आता बारामती काय आणि इंदापूर काय, दोघांच्याही आधारवर जिल्हा पुणे. रात्री 10 वाजता बॅगा घेऊन रिसेप्शनवर उभं राहिल्यावर "तुम्ही पुण्याचेच की" असं ऐकायला मिळालं तर काय करणार? 140 किलोमीटर लांब राहतो हे त्याला समजावत बसायचं!

उपाय साधा आहे. बुकिंग करताना हॉटेलच्या पानावर "नियम" किंवा "पॉलिसी" भागात स्थानिक ओळखपत्र चालतं का ते वाचा. काही ॲपवर त्याचा वेगळा फिल्टरही असतो. आणि एक फोन करा: "आम्ही इंदापूरचे आहोत, आधारवर पुणे जिल्हा आहे, सकाळचं विमान आहे, चालेल ना?" त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारा. पहाटे साडेतीनला गेट उघडं असतं का, आणि सोडायला गाडी आहे का.

पण फोन करायचा कोणत्या नंबरवर?

सध्या सगळ्यात जास्त सांभाळायची जागा हीच आहे. मॅपवर हॉटेलच्या नावाखाली दिसणारा नंबर त्या हॉटेलचाच असेल याची खात्री नसते. मॅपवरच्या माहितीत बदल सुचवायची सोय सगळ्यांना आहे, आणि भामटे तिचा वापर करून स्वतःचा नंबर घुसवतात. काहीजण हॉटेलच्या फोटोंसकट हुबेहूब दिसणारी वेबसाइटच बनवतात. समोरचा माणूस अगदी नम्रपणे बोलतो, रूम आहे म्हणतो, "ॲडव्हान्स पाठवा म्हणजे रूम ब्लॉक करतो" म्हणतो आणि व्हॉट्सॲपवर क्यूआर पाठवतो. तुम्ही हॉटेलवर पोहोचता तेव्हा तुमच्या नावाचं बुकिंगच नसतं.

मी स्वतः एक नियम पाळतो: फोनवर फक्त चौकशी, पैसे एकतर ओळखीच्या बुकिंग ॲपमधून नाहीतर हॉटेलवर पोहोचल्यावर. "पे ॲट हॉटेल" आणि "फ्री कॅन्सलेशन" हे दोन फिल्टर लावले की पसंतीची बरीच हॉटेलं अजूनही उरतात. आणि पैसे परत करतो म्हणून कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे येण्यासाठी पिन लागत नाही, पिन लागतो तो पैसे जाण्यासाठी. फसवणूक झालीच तर 1930 या नंबरवर लगेच फोन करायचा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवून धरण्याची शक्यता जास्त.

दाखवलेला दर आणि भरायचा दर

यादीत रूम 1,199 दिसते आणि पैसे भरायच्या पानावर 1,420 होते, हा अनुभव बहुतेकांना असेल. त्यात कर असतो, ॲपची फी असते, कधी न विचारता टाकलेला विमा किंवा 10 रुपयांची देणगीसुद्धा असते. कराचं सांगायचं तर 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय. तेव्हा बजेट रूमवर कोणी 12 टक्के लावत असेल तर विचारायलाच हवं.

बाकीच्या युक्त्यांना "डार्क पॅटर्न" म्हणतात. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये अशा 13 प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. "फक्त 1 रूम शिल्लक, 14 जण आत्ता बघत आहेत" अशी खोटी घाई लावणं, बास्केटमध्ये गुपचूप वस्तू टाकणं, शेवटच्या पानावर दर वाढवणं, हे सगळं त्या यादीत आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. "1 रूम शिल्लक" बघून घाबरायचं काही कारण नाही, कारण बऱ्याचदा ती त्या साइटला दिलेल्या कोट्यातली शेवटची असते, हॉटेलातली नाही. तेच हॉटेल दुसऱ्या साइटवर बघा.

रिव्ह्यू वाचताना "सर्वात नवीन" असं लावून वाचा. एकूण 4.2 रेटिंग चार वर्षांपूर्वीच्या चांगल्या दिवसांचं असू शकतं. शोधायच्या चौकटीत "टॅक्सी", "पहाटे", "पाणी" असे शब्द टाकले की नेमके कामाचे रिव्ह्यू वर येतात.

रूम घ्यायची की रात्री थेट गाडी?

आता मामा-मामींसारख्या दोघांसाठी कागदावर हिशोब करू. यातले रूमचे आणि गाडीचे दर मी उदाहरणासाठी धरलेत, तुम्ही तुमचे टाका.

एसटीने इंदापूर ते हडपसर पूर्ण तिकीट 220 च्या आसपास धरू. एकाला वयाची, एकीला महिलांची सवलत, म्हणजे दोघांचे मिळून 220. हडपसर ते वडगाव शेरी टॅक्सी 250. रूम 1,800 आणि 5 टक्के कर, झाले 1,890. पहाटे टर्मिनलला 200. एकूण 2,560.

इंदापूरहून गाडी केली तर? लांबच्या भाड्याला बरेच गाडीवाले दिवसाला किमान 300 किलोमीटर धरतात. जाऊन-येऊन 280 होतात, म्हणजे 300 चेच पैसे. किलोमीटरला 13 रुपये धरले तर 3,900, वर पाटसचा टोल आणि ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता. शिवाय रात्री साडेबाराला निघायचं आणि झोप नाही.

दोघांना रूम परवडते. पण तेच चौघं असतील तर दोन रूम, चार तिकिटं, दोन वेळा मोठी टॅक्सी, आणि आकडा गाडीच्या पुढे जातो. मग थेट गाडीच बरी. बारामतीकरांना गाडी आणखी परवडू शकते, पण 200 किलोमीटरला 300 चे पैसे द्यायचे का, हे आधी बोलून घ्या. ॲपवरची "वन वे" गाडीही बघा, तिचा दर कधीकधी खूपच कमी असतो.

पहाटेची टॅक्सी

ॲपमध्ये आदल्या रात्री वेळ टाकून गाडी ठरवता येते. पण "बुकिंग कन्फर्म" दिसलं म्हणजे गाडी ठरली असं समजू नका. ड्रायव्हरचं नाव आणि गाडीचा नंबर येईपर्यंत ती फक्त तुमची मागणी असते, ॲप त्या वेळेच्या आसपास गाडी शोधायला लागतं. म्हणून गाडी 3:15 ची टाका आणि 3:20 पर्यंत नंबर आला नाही तर दुसरं ॲप उघडा. दोन ॲप आधीच टाकून, नोंदणी करून ठेवा. पहाटे ओटीपीसाठी धडपड नको. मामींसारख्या घाबरणाऱ्या माणसांसाठी मी हॉटेलची सोडायची गाडी पसंत करतो, 50-100 रुपये जास्त गेले तरी. फक्त "एअरपोर्ट ट्रान्सफर" असं लिहिलेलं म्हणजे फुकट, असं नसतं. दर विचारा.

दुसरी गोष्ट, पुण्यात 2025 पासून ॲपवर दिसणारं भाडं आणि ड्रायव्हर मागतो ते भाडं यावरून वाद होतात. ड्रायव्हर म्हणतात की आरटीओने ठरवलेला दर द्या. एसी टॅक्सीला जानेवारी 2024 मध्ये ठरलेला तो दर पहिल्या दीड किलोमीटरला 37 आणि पुढे किलोमीटरला 25 रुपये असा आहे. हडपसर ते विमानतळ 12 किलोमीटरचे त्याने 300 रुपये होतात. गाडीत बसण्याआधीच विचारा, "ॲपचं घेणार की मीटरचं?" पहाटे 4 वाजता टर्मिनलच्या दारात वाद घालण्यात काही अर्थ नाही.

मुंबईहून विमान असेल तर

तिकिटावरचा तीन अक्षरी कोड आधी वाचा. बीओएम म्हणजे जुनं मुंबई विमानतळ, एनएमआय म्हणजे नवी मुंबई, जिथून 25 डिसेंबर 2025 पासून विमानं सुरू झाली. दोन्ही "मुंबई" म्हणूनच यादीत येतात. आपल्याला नवी मुंबई जवळ पडतं, कारण एक्सप्रेसवेने पनवेलला उतरलं की ते जवळच आहे, अंधेरीपर्यंतची गर्दी वाचते. हॉटेल तेव्हा पनवेलकडे बघा. जुन्या विमानतळावर टी1 आणि टी2 ही वेगळी ठिकाणं आहेत, भुयारी मेट्रोची स्टेशनंही वेगळी. टर्मिनल बघितल्याशिवाय अंधेरीतली रूम घेऊ नका.

परत येताना

पुण्याला उतरल्यावर ॲपची गाडी टर्मिनलच्या दारात येत नाही. समोर एरोमॉल नावाची पार्किंगची इमारत आहे, तिथून ती मिळते. बॅग हातात आल्यावरच गाडी बुक करा, नाहीतर ड्रायव्हर वाट बघून निघून जातो आणि रद्द केल्याचे पैसे तुम्हाला लागतात.

रात्री उशिरा उतरलात तर इंदापूरकर सुखी. हडपसरवरून सोलापूरकडे रात्रभर गाड्या चालू असतात. फक्त खाजगी गाडी गावात न जाता बायपासला सोडते, तेव्हा घ्यायला कोणाला तरी बोलावून ठेवा. बारामतीकरांचं तसं नाही. बारामती हायवेपासून आत आहे, थेट गाडी संपली की भिगवण नाहीतर पाटसला उतरून पुढे स्वतःची सोय करावी लागते. त्यामुळे परतीचं तिकीट काढतानाच एसटीच्या ॲपवर शेवटच्या बारामती गाडीची वेळ बघा. रात्री 11 नंतर उतरणारं विमान 400 रुपयांनी स्वस्त असलं, तरी भिगवणहून बारामतीला यायला रात्रीची गाडी तेवढ्यात मिळत नाही.